काळ्या रंगाचा भाव
अमेरिकेत मांसासाठी पोसलेले जनावर काळे असले की त्याला बहुधा चढा भाव मिळतो. ‘सर्टिफाइड अँगस बीफ’ ही मोहोर १९७८ साली सुरू झाली. तिच्यासाठी मांसातल्या चरबीच्या जाळीपर्यंत बरेच काही तपासतात, पण पहिली चाळणी रंगाची. अँगस ही मूळ स्कॉटलंडची काळी जात, म्हणून काळे ते अँगस, असा सरळ हिशेब. बाजाराने तो फोल ठरवला. काळ्या रंगाचा जनुक प्रभावी. त्यामुळे अँगसशी संकर करत आणि काळी वासरे निवडत मूळचे तांबडे-पांढरे स्विस सिमेंटलही तिकडे काळे झाले. उलट दोन काळ्या अँगसांच्या पोटी कधी तांबडे वासरू येते, ते शुद्ध वंशाचे असूनही चाळणीतून गळते. आणि ज्या कातडीपायी हा खटाटोप, ती कत्तलखान्यातच सोलली जाते. खाणाऱ्याला ती दिसतही नाही.

यात पैदासकाराला बोल लावणे सोपे आहे, पण बाजार ज्याचे पैसे मोजतो तेच तो पैदा करणार. शिवाय काळ्याबरोबर अँगसचे गुणही आले. जनावर बिनशिंगी निपजले की वासराची शिंगे जाळण्या-कापण्याची यातना टळते, हा मुद्दा मला वजनदार वाटतो. पांढऱ्या तोंडाच्या हेरफर्डांना डोळ्याच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो, तेव्हा गडद रंग निव्वळ नखराही नव्हे. पण बिनशिंगीपणाचा जनुक वेगळा आणि रंगाचा वेगळा. तांबड्या अँगसलाही शिंगे नसतातच. डोळ्याभोवती काळे हवे म्हणून पाठ काळी करावी लागत नाही. पाठीवर ऊन पडते, आणि काळी पाठ ते अधिक शोषते. २०२२ च्या जूनमध्ये कॅन्ससमध्ये उष्म्याने किमान २,००० जनावरे मेली. त्याचे खापर रंगावर फोडणे बरोबर नाही. दमट हवा होती, वारा पडला होता. तरीही उन्हाळा जड करणारा रंग मुद्दाम अंगावर चढवायचा, तर त्याला खरेदीदाराच्या नजरेच्या सोयीहून मोठे कारण हवे. (रंगावर नजर आपल्या बैलबाजारातही असते, पण खिलाराचा पांढरा रंग निदान माणदेशाच्या उन्हाला साजेसा आहे.)

वंश पारखायला आज जनुकीय चाचणी आहे. तिला पैसे पडतात, डोळ्यांनी पाहणे फुकट, हे मान्य. पण मांसाची प्रत तशीही धड तपासूनच ठरते. तिथे तांबड्या जनावराचे धड तितकेच उतरत असेल, तर त्याला बाहेर ठेवण्याचे कारण माझ्या तरी ध्यानात येत नाही.