पानाची पाठ

ओक हे आडनाव महाराष्ट्राला चांगले परिचयाचे आहे. ओक नावाचा वृक्ष मात्र मुळीच नाही. सह्याद्रीच्या रानात तो आपोआप उगवत नाही. त्याची ओळख होते ती चित्रातून, आणि तीही बहुधा इंग्लंडातील ओकची. त्या ओकच्या पानाला दोन्ही बाजूंनी गोलसर खाचा असतात. हे चित्र मनात धरून कोणी नैनितालच्या किंवा मसुरीच्या डोंगरात हिंडू लागला, तर ओकच्या दाट सावलीत उभा राहूनही तो ओक शोधीतच राहील!

कुमाऊँ व गढवाल या डोंगराळ मुलखात ओकच्या अनेक जाती आहेत. त्यांतील बांज, मोरू आणि खरसू या तिघांत नवख्याची फार गफलत होते. तिन्ही वृक्ष सदाहरित, तिघांचीही पाने जाड व चिवट. नवखा माणूस आधी पानाची कड पाहतो. पण कड फसवी असते. खरसूचे झाड लहान असते तेव्हा त्याची पाने काटेरी असतात. तेच झाड वयाने वाढले, की पुष्कळ पानांच्या कडा साध्या होतात. मोरूच्या काही पानांना काटे असतात, काहींना नसतात.

खरी ओळख असते पानाच्या पाठीवर. बांजचे पान उलटावे, तर मागे दाट पांढुरकी लव दिसते. या वृक्षाचे शास्त्रीय नाव 'ल्यूकोट्रायकोफोरा'. त्या लांबलचक ग्रीक शब्दाचा अर्थ तरी दुसरा काय आहे? 'पांढरी लव धारण करणारा'! वारा सुटला, की बांजचे सबंध रान क्षणभर रुपेरी होऊन जाते. मोरूचे पान दोन्ही अंगांनी हिरवे आणि गुळगुळीत. खरसूची पाठ मात्र तपकिरी, जणू लोखंडावर चढलेला गंज. उंचीचीही थोडी साक्ष मिळते. बांज साधारणपणे १,५०० ते २,३०० मीटर उंचीवर वाढतो, खरसू बहुधा २,५०० मीटरच्या वर, आणि मोरू त्यांच्या मध्ये. परंतु जेथे एकाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते, तेथे पान उलटून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

रानातून गुरांसाठी चारा आणणाऱ्या स्त्रियांना गढवालात 'घसियारी' म्हणतात. त्यांना हे ज्ञान पुस्तकातून मिळवावे लागत नाही. विळा चालवता चालवता बोटांनाच ते कळते. गुरांना पाला, चुलीला सरपण आणि शेतीच्या अवजारांना लाकूड, असे सारे काही बांज देतो. मात्र वारंवार फांद्या छाटल्या, की झाडाला फळ धरेनासे होते आणि रानात नवी रोपे दिसत नाहीत. मग माणसालाच बी पेरावे लागते. येथे ओळख चुकली, तर सारे श्रम वाया जातात. बांजचे फळ हिवाळ्यात पिकते. खरसूचे फळ ऐन पावसाळ्यात गळते आणि ओल्या मातीत लगेच रुजू लागते. कधी कधी तर झाडावरच त्याला मोड फुटतो. ते बांजचे समजून कोणी पोत्यात राखून ठेवले, तर हिवाळ्यात पोते उघडताना त्याच्या हाती मेलेले बी येते.