उंबरठा एक नव्हे, दोन

मायक्रोकंट्रोलरमधल्या ॲनालॉग कंपॅरेटरकडे विद्यार्थ्यांचं लक्ष क्वचितच जातं, याचं मला वाईट वाटतं. व्होल्टेज म्हटलं की सगळे एडीसीकडे धावतात. व्होल्टेज किती आहे हे हवं असेल तर एडीसीच हवा. पण ते ठरावीक पातळीच्या खाली गेलं का, एवढंच विचारायचं असेल तर कंपॅरेटर लावावा. धन इनपुटवरचं व्होल्टेज ऋण इनपुटवरच्यापेक्षा जास्त असलं की त्याचं उत्तर १, नाहीतर ०.

आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपमध्ये हे उत्तर एसीओ नावाच्या बिटमध्ये मिळतं. १२५ किलोहर्ट्झच्या क्लॉकवर एडीसीला एका मोजणीसाठी १०४ मायक्रोसेकंद लागतात. कंपॅरेटरचा निकाल एका मायक्रोसेकंदाच्या आत येतो, शिवाय इंटरप्टही देतो. प्रोग्रॅमला सारखं विचारत बसावं लागत नाही.

खरी परीक्षा होते ती उंबरठ्यापाशी. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवरचा सौर दिवा घ्या. बॅटरी ११ व्होल्टपर्यंत उतरली की तो बंद करायचा आहे. ९० आणि १० किलोओहमच्या रेझिस्टरनी बॅटरीचं व्होल्टेज एकदशांश करून ऋण इनपुटला द्यायचं; धन बाजूला चिपमधलाच १.१ व्होल्टचा संदर्भ. कागदावर काम झालं. प्रत्यक्षात दिवा विझताच बॅटरीवरचा भार उतरतो, तिचं व्होल्टेज वर येतं, कंपॅरेटर निकाल फिरवतो, दिवा लागतो आणि व्होल्टेज पुन्हा खाली बसतं. दिवा लुकलुकत राहतो आणि बॅटरी नको तितकी उतरत जाते.

यावरचा उपाय म्हणजे हिस्टेरेसिस: बंद करण्याचा उंबरठा वेगळा, पुन्हा चालू करण्याचा वेगळा. अमेरिकी शास्त्रज्ञ ऑटो श्मिट यांना १९३० च्या दशकात माकुळाच्या मज्जातंतूंचा अभ्यास करताना अशा सर्किटची कल्पना सुचली. श्मिट ट्रिगर तो हाच. काही मायक्रोकंट्रोलरच्या कंपॅरेटरमध्ये ही सोय आतच असते. एटीमेगा३२८पीमध्ये ती नाही आणि कंपॅरेटरचा निकाल थेट पिनवरही येत नाही. मग एखादी मोकळी पिन ६८ किलोओहमच्या रेझिस्टरने त्या दोन रेझिस्टरांच्या जोडबिंदूला जोडायची. एरवी ती इनपुट म्हणून ठेवायची. दिवा बंद केला की इंटरप्टमध्येच तिला आउटपुट करून शून्यावर आणायची. १० किलोओहमला ६८ किलोओहम समांतर आले की चालू होण्याची पातळी सुमारे १२.४५ व्होल्टवर जाते. एक रेझिस्टर आणि प्रोग्रॅमच्या दोन-तीन ओळी! मला हे फार सुंदर वाटतं.

मात्र तो १.१ व्होल्टचा संदर्भ गृहीत धरू नये. उत्पादकाच्या माहितीपत्रकात त्याची मर्यादा १.० ते १.२ व्होल्ट दिली आहे. म्हणजे एक चिप बॅटरीला १० व्होल्टपर्यंत पिळून काढील, तर दुसरी १२ व्होल्टलाच दिवा विझवील. म्हणून १० किलोओहमच्या जागी ८.२ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्याशी एकसर ५ किलोओहमचा प्रीसेट घ्यावा. प्रत्येक बोर्डाला बदलत्या व्होल्टेजचा पॉवर सप्लाय लावून, दिवा ११ व्होल्टला विझेपर्यंत प्रीसेट फिरवावा आणि मगच पेटी बंद करावी.