आधाराची रुजुवात

गिरगाव, मुंबई ४

चि. बाळ,

तुझे पत्र परवा पावले. परळच्या कचेरीत तुझे बस्तान नीट बसले आणि रुजू झाल्यापासून तिसऱ्याच महिन्यात लालबागच्या एका जुन्या चाळीच्या तपासणीचे काम तुझ्या हाती सोपवण्यात आले, हे वाचून तुझ्या मामीला व मला परम संतोष झाला. पत्राच्या अखेरीस तू जी मागणी केली आहेस, की माझ्याजवळची सारी मानके, तक्ते आणि टिपणवह्या एकदाच एकत्र करून पाठवाव्यात, म्हणजे मला वारंवार तसदी द्यावी लागणार नाही, तिच्यावर मी दोन दिवस विचार केला. तसदीचा प्रश्नच नाही. हे दफ्तर तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला द्यावयाचे आहे? परंतु ते तुझ्या स्वाधीन करण्यापूर्वी चार गोष्टी तुझ्या कानावर घातल्या नाहीत, तर मी तुला ज्ञान न देता केवळ कागद दिले असे होईल.

मी १९७८ साली नोकरीस लागलो आणि त्याच वर्षी काँक्रीटचे मानक, आयएस ४५६, तिसऱ्यांदा सुधारून निघाले. १९५३ साली ते प्रथम प्रसिद्ध झाले, १९५७ व १९६४ साली सुधारले गेले. पण १९७८ च्या आवृत्तीने आम्ही महाविद्यालयात शिकून आलेली हिशेबाची पद्धतच मागे सारून मर्यादावस्थेची नवी पद्धत पुढे आणली. त्या काळी भारतीय मानक संस्थेचे विक्री कार्यालय ग्रँट रोडच्या नॉव्हेल्टी चेंबर्समध्ये होते, आणि गिरगावातून पायी तेथवर जाऊन, पगाराच्या दिवशी एकेक मानक विकत आणावयाचे, हा माझा कित्येक महिन्यांचा शिरस्ता होता. जे विकत घेणे परवडत नसे ते माटुंग्याला व्हीजेटीआयच्या ग्रंथालयात बसून हाताने उतरून घ्यावयाचे, आणि परतताना किंग्ज सर्कलच्या पदपथावर मांडलेल्या जुन्या पुस्तकांवरून एकवार नजर फिरवावयाची. मानकाचे दुरुस्तीपत्रक निघाले की त्यातील मजकूर कापून मूळ पानावर खळीने चिकटवावयाचा. माझ्या प्रतीची काही पाने त्यामुळे पुठ्ठ्यासारखी जाड झाली आहेत. ती तुला विद्रूप वाटतील, परंतु त्या प्रतीची सारी किंमत त्या चिकटवलेल्या पट्ट्यांतच आहे. आता त्या संस्थेच्या जागी आलेला मानक ब्यूरो आपली मानके विनामूल्य उपलब्ध करून देतो, ही अत्यंत न्याय्य गोष्ट झाली, कारण ज्या नियमांवर माणसांचे प्राण अवलंबून आहेत ते नियम वाचण्यास पैसे पडू नयेत असे मला नेहमीच वाटत आले आहे. तथापि कागद सुलभ झाला म्हणजे आधार सुलभ झाला असे होत नाही, हे मी एका प्रसंगाने शिकलो.

मी ज्या एका कचेरीत होतो तेथे एसपी १६ या ग्रंथातील स्तंभांच्या आलेखांच्या झेरॉक्स प्रती मेजामेजांवरून फिरत असत. १९८० सालचा हा ग्रंथ किती उपकारक आहे, हे मी तुला सांगावयास नको. त्यातील आलेख दिसावयास जवळजवळ एकसारखे. भेद सांगणारा मजकूर तेवढा पानाच्या माथ्यावर असतो: पोलाद २५०, ४१५ की ५०० प्रतीचे, सळया दोन बाजूंना की चारही बाजूंना, आणि स्तंभाच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंतच्या अंतराचे स्तंभाच्या खोलीशी प्रमाण ०.०५ की ०.२०. आमच्या झेरॉक्सवाल्याने पान किंचित खाली सरकवून ठेवले होते आणि नेमक्या त्याच ओळी नाहीशा झाल्या होत्या. मी तो आलेख ०.२० चा समजून वापरला, तो ०.०५ चा होता. भिंतीत लपवावयाच्या नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटरच्या स्तंभात सळईचा मध्य कडेपासून सुमारे ५० मिलिमीटरवर येतो, म्हणजे हे प्रमाण ०.२० च्याही थोडे पलीकडे जाते, तेथे ०.०५ चा आलेख पोलाद कमी दाखवतो आणि ते कमी आहे हे आकड्यावरून कोणालाही कळत नाही. सळयांचा सांगाडा बांधून तयार असताना एका वयस्क सहकाऱ्यांनी मूळ ग्रंथ उघडून रुजुवात घेतली, म्हणून ती चूक काँक्रीटमध्ये गाडली गेली नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हापासून माझ्या वहीतील प्रत्येक उताऱ्यावर ग्रंथाचे नाव, साल, कलमाचा अंक, कितवे दुरुस्तीपत्रक लागू आहे आणि मी तो कोणत्या कामासाठी उतरवला, हे पाचही तपशील आहेत. ज्यावर ते नाहीत अशी पाने मी तुला देणार नाही.

आता तुझ्या चाळीविषयी. लाकूड, चुना आणि लोखंडी गर्डर यांच्या जोरावर उभी असलेली इमारत आजच्या मानकाने तपासावयाची कशी, हा तुझा प्रश्न रास्त आहे. आपल्या चाळीच्या जिन्याजवळच्या सज्ज्याखालील गर्डर तू लहानपणापासून पाहत आला आहेस. काही वर्षांपूर्वी त्याला टेकू द्यावा की काय अशी चर्चा निघाली, तेव्हा मी स्टुलावर चढून त्यावरील तैलरंगाचे थर पत्र्याने खरवडले. आत पोलादाच्या अंगावरच उठवलेली अक्षरे निघाली: डॉर्मन लाँग, इंग्लंड. उंची आठ इंच, फ्लँज चार इंच. अशा मापाचा गर्डर ब्रिटिश प्रमाणित यादीत आहे. वजन फुटाला अठरा पौंड आणि छेदगुणांक १३.९ घन इंच. आजच्या हिशेबात हे मीटरला २६.८ किलो आणि २२८ घन सेंटिमीटर होतात. आपल्या आयएसएमबी २०० चे आकडे २५.४ आणि २२३.५. इतके सख्खे साम्य पाहून कोणीही तरुण अभियंता त्या गर्डरला आयएसएमबी २०० मानून मोकळा होईल, आणि मापापुरते ते चुकीचेही नाही. परंतु १९८४ च्या आयएस ८०० प्रमाणे आपण वाकणाऱ्या पोलादावर चौरस मिलिमीटरला १६५ न्यूटन ताण येऊ देत होतो, तर लंडनच्या १९०९ च्या कायद्याने त्या पिढीच्या पोलादाला चौरस इंचास साडेसात टन, म्हणजे सुमारे ११६ न्यूटनच मान्य केले होते. तीस टक्क्यांचा हा फरक गर्डरच्या आकारात दिसत नाही; तो त्या काळच्या कागदातच सापडतो. म्हणून तुझ्या कचेरीत जुनी पुस्तके रद्दीत घालण्याची भाषा निघाली तर तू आडवा ये. नव्या इमारतीचे गणित मांडताना ती बाद आहेत हे खरे, परंतु जुन्या इमारतीची तहकीकात करताना ती साक्षीदार आहेत. तुझ्या कचेरीच्या परिसरातच बीडीडीच्या, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, २०७ चाळी १९२० च्या दशकात सलोह काँक्रीटमध्ये उभ्या राहिल्या, आपले पहिले आयएस ४५६ निघण्यापूर्वी तीन दशके. त्यांच्याकडे १९५३ नंतरच्याच चष्म्यातून पाहणाऱ्याला काय दिसणार?

आणि साक्षीदाराचे म्हणणेही तपासून घ्यावे लागतेच. त्याच गर्डरच्या वेबची जाडी तक्त्यात ०.२८ इंच, म्हणजे सात मिलिमीटर आहे. मोरीच्या भिंतीलगत मी गंज खरवडून कॅलिपर लावला तेव्हा पाचही भरेना. तो आकडा कोणत्याही ग्रंथात नाही. तो मीच वहीत लिहिला, तारखेसह, आणि टेकू द्यावयास लावला.

मिळालेला आधार दुसऱ्यास देण्याविषयी थोडे. कॅप्टन जर्व्हिस यांनी १८२० च्या दशकात याच शहरात एंजिनियर इन्स्टिट्यूशन चालवताना गणिताचे व भूमितीचे ग्रंथ मराठीत उतरवून घेतले, कारण ज्याच्या हातून काम व्हावयाचे त्याच्या भाषेत ते पोहोचले पाहिजे हे त्यांनी जाणले होते. आज दोनशे वर्षांनी आपल्या सळयांची यादी इंग्रजीत निघते आणि ती ज्याने वाचावयाची त्या मुकादमाला आपण तोंडी दोन वाक्यांत वाटेला लावतो. सळई कोठे संपावी, जोड किती लांबीचा असावा, कव्हर किती राखावे, हे मराठीत एका कागदावर लिहून तू साइटवर लावत जा. कचेरीतल्या सोबत्यांपासूनही काही लपवून ठेवू नकोस; आपल्या व्यवसायात टिपणे कुलुपात ठेवणारी माणसे मी पुष्कळ पाहिली, आणि त्यांच्या निवृत्तीनंतर ती टिपणे कुलुपातच राहिलेली पाहिली. फक्त देताना पाच तपशिलांसह दे, आणि घेणाऱ्याला मूळ ग्रंथ उघडून रुजुवात घेण्याची ताकीद दे.

माझ्या वह्या चौदा आहेत. शिवाय ब्रिटिश गर्डरांचे तक्ते, आयएस ४५६ च्या १९६४, १९७८ व २००० च्या प्रती, आणि इंडियन काँक्रीट जर्नलमधून उतरवलेली टिपणे असा ऐवज पलंगाखालच्या पेटीत आहे. येत्या रविवारी सकाळी ये, जेवावयासच ये. येताना लालबागच्या त्या चाळीतील गर्डर एका ठिकाणी खरवडून त्यावरील अक्षरांचा कागदावर पेन्सिलीने छाप घेऊन ये, आणि मोरीच्या बाजूची जाडी तीन ठिकाणी मोजून आण. पेटी आपण त्यानंतर उघडू.

तुझा,
मामा