शिफारसपत्रातील एक वाक्य

२०२५ च्या जून महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने माझ्याकडे शिफारसपत्र मागितले. मराठी घेऊन बी.ए. झाल्यावर ती आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. करण्यासाठी परदेशी गेली होती. सुरक्षा परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीला साहाय्य करणारे एक कार्यकारी संचालनालय न्यूयॉर्कला आहे. तेथे काही महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी तिची निवड झाली होती. संयुक्त राष्ट्रांच्या इंटर्नला वेतन नसते. प्रवास, व्हिसा, राहणे, जेवण हे सारे ज्याचे त्याने पाहायचे. म्हणून राहण्याच्या खर्चासाठी ती एका न्यासाकडे साहाय्य मागत होती आणि पत्र त्या न्यासाला हवे होते.

मराठीच्या अध्यापकाने या कामासाठी कुणाची शिफारस काय म्हणून करावी, असा प्रश्न मला पडला. दहशतवादविरोध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंदुका आणि वाळूची पोती येतात. प्रत्यक्षात तिच्या वाट्याला येणार होते ते वाचन. २८ सप्टेंबर २००१ रोजी सुरक्षा परिषदेने १३७३ क्रमांकाचा ठराव केला आणि दहशतवादी कृत्यांना होणारा अर्थपुरवठा गुन्हा ठरवण्याचे बंधन सर्व राष्ट्रांवर घातले. कोणत्या राष्ट्राने त्यासाठी कोणते कायदे केले, ते कसे राबवले, हे पाहणे समितीचे काम. इंटर्नने अहवाल वाचायचे, टिपणे काढायची, बैठकांचे इतिवृत्त लिहायचे. थोडक्यात, आम्ही वर्गात ज्याला सारांशलेखन म्हणतो तेच. फक्त चूक झाली तर एखादा गुण कापून भागणार नाही.

पहिला मसुदा मी एका बैठकीत लिहिला. त्यात एक वाक्य होते, आणि खरे सांगायचे तर मला ते फार आवडले होते. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे गेली. त्या संध्याकाळी तिचे वडील कचेरीतून घरी निघाले होते. स्फोट झाला तो त्यांच्या शेजारच्या डब्यात. ते वाचले, पण उजव्या कानाने त्यांना पुन्हा ऐकू आले नाही. ती तेव्हा चार वर्षांची होती. ‘दहशतवादाची झळ स्वतःच्या घरात सोसलेली ही मुलगी या कार्याकडे वळली, यात नवल नाही,’ असे मी लिहिले. न्यासाच्या विश्वस्तांचे मन द्रवावे, हा हेतू होताच. २०२२ च्या ऑक्टोबरात या समितीची विशेष बैठक मुंबईत ताज हॉटेलात आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीत झाली, तेव्हा ती बातमी तिनेच वर्गात आणली होती. ते आठवून मला माझे वाक्य अधिकच समर्पक वाटले.

मसुदा मी तिला पाठवला. त्यानंतर दोनच दिवसांनी, २१ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने त्या स्फोटांच्या खटल्यातील बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. सत्र न्यायालयाने २०१५ साली त्यांतील पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. बारांपैकी एक जण तोवर तुरुंगातच मरण पावला होता. राज्य शासन लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले.

त्याच आठवड्यात तिचा फोन आला. म्हणाली, “सर, ते वाक्य काढाल का?”

मी कारण विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “निकालाची बातमी बाबांनी दोनदा वाचली. नंतर एवढेच म्हणाले, ‘मग ही माणसे इतकी वर्षे आत कशापायी होती?’ राग कुणावर धरायचा तेच त्यांना कळेनासे झाले आहे. मी त्यांच्या कानाच्या आधाराने तिथे गेले, तर मला आधीच एक बाजू ठरवून जावे लागेल. मला तिथे वाचायचे आहे, सर.”

मी वाक्य खोडले. पण त्या जागी काय लिहावे ते सुचेना. तेव्हा तिच्या दुसऱ्या वर्षाची एक उत्तरपत्रिका आठवली. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्या घटनेविषयीचा एक इंग्रजी उतारा मी अनुवादासाठी दिला होता. तिने ‘मारेकरी’ असा शब्द योजला होता. मी तो लाल शाईने खोडून वर ‘क्रांतिकारक’ लिहिले आणि अर्धा गुण कापला. तास संपल्यावर ती आली. “सर, मीही चापेकरांना क्रांतिकारकच म्हणेन. पण हा लेखक तसे म्हणत नाही. त्याचे मत मी बदलले, तर तो अनुवाद कसा?” उत्तर माझ्यापाशी नव्हते. तो अर्धा गुण मी दिला की नाही, तेही आता आठवत नाही.

हा प्रश्न पुण्यापुरता नाही. राष्ट्रसंघाने १९३७ साली जिनिव्हात दहशतवादाविरुद्ध एक करार केला. तो कधीच अमलात आला नाही, कारण त्याला अंतिम मान्यता देणारा देश एकच निघाला: ब्रिटिशांच्या ताब्यातला हिंदुस्थान. ज्या सरकारने १९३२ साली बंगालच्या क्रांतिकारकांसाठी केलेल्या कायद्याच्या नावातच ‘टेररिस्ट’ हा शब्द घातला होता, त्याला या कराराची निकड वाटणे स्वाभाविक होते. पुढे १९९६ साली स्वतंत्र भारताने संयुक्त राष्ट्रांत सर्वंकष कराराचा प्रस्ताव मांडला. तोही व्याख्येपाशीच अडला आहे. १३७३ क्रमांकाच्या ठरावातही दहशतवादाची व्याख्या नाही. माझ्या लहानपणी मराठी वृत्तपत्रे पंजाबातल्या बातम्यांत ‘अतिरेकी’ लिहीत. पुढे ‘दहशतवादी’ रुळला. पहिल्या शब्दात मर्यादा ओलांडल्याचा दोष आहे, दुसऱ्यात समोरच्याच्या मनातली भीती. मी दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरत आलो आहे, आणि आरोपी अजून आरोपीच असतानाही वापरत आलो आहे.

शेवटी पत्रात मी त्या अर्ध्या गुणाची हकिगत लिहिली. ही मुलगी दुसऱ्याच्या वाक्यात स्वतःचे मत मिसळत नाही, आणि शिक्षकाने मिसळले तर त्याला तसे विचारते, एवढेच म्हटले. तिच्या घराविषयी एक अक्षरही लिहिले नाही. साहाय्य मिळाले; मागितले होते त्याच्या निम्मे.

न्यूयॉर्कहून ती कामाविषयी फारसे कळवीत नसे. तसे बंधनच होते. एकदाच तिचा प्रश्न आला. “सर, ‘अलेज्ड’ला बोली मराठीत काय म्हणू? बाबा रोज विचारतात की मी काय लिहिते. ‘कथित’ म्हटले तर त्यांना नीट कळत नाही, आणि फोनवर एका कानाने ऐकतात, त्यामुळे लांबण लावता येत नाही.”

मी दोन दिवस विचार केला. ‘म्हणे’ हा शब्द सुचला, पण त्यात थट्टा येते. ‘ठरायचे आहे’ असे सांग, असे मी तिला लिहिले.