प्रतिवादी क्रमांक पाच

मैत्रिणींनो, पाटल्या मोडल्या म्हटलं की बायका विचारतात, "का हो, मुलीचं लग्न की घराचं बांधकाम?" माझ्या दोन पाटल्या गेल्या त्या वकिलाच्या फीपायी, आणि तीही धाकट्या भावाच्या. भाऊ चोर नाही हो, चांगला पोलीस खात्यात आहे. पोलिसाला वकील लागतो हे मलाही तेव्हाच कळलं.

श्रावणातली गोष्ट. दुपारच्या शाळेला निघायची माझी घाई, दळणाचा डबा दाराशीच पडलेला, आणि भावजय लांबलचक पाकीट हातात घेऊन उभी. "वन्सं, हे वाचा ना जरा." उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची नोटीस होती. प्रतिवादी क्रमांक एक राज्य सरकार, दोन पोलीस अधीक्षक, तीन आणि चार ठाण्यातले साहेब, आणि पाच आमचा धाकटा. याचिका केली होती एका आईने. सोनाराच्या दुकानातल्या चोरीच्या संशयावरून तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला मंगळवारी रात्री घरातून नेलं, अटक दाखवली ती गुरुवारी संध्याकाळी, आणि मधल्या दोन रात्रींत त्याचं मनगट मोडलं, असं तिचं म्हणणं. चोरी पुढे दुसऱ्याच कुणाकडे सापडली.

आता खरं सांगते. मी आठवीच्या वर्गाला नागरिकशास्त्र शिकवते. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, कलम २१, दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण ती नोटीस वाचताना त्यातलं काहीसुद्धा आठवलं नाही. मनात आलं ते एवढंच, की पोरगं पळताना पडलं असेल. पुढे सरकारी उत्तराचा मसुदा आला, त्यात अगदी हेच वाक्य होतं.

आमचे हे म्हणाले, "सरकारी वकील असतोच की. वेगळे पैसे कशाला घालवायचे?" मलाही ते पटलं होतं. पण शेजारच्या बाईंच्या ओळखीने आम्ही एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी कागद वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "सरकारी वकील सरकारचा असतो. तुमचं आणि सरकारचं म्हणणं एक आहे तोवर तो तुमचाही. ज्या दिवशी वरचे साहेब म्हणतील की हे त्या पहाऱ्यावरच्या शिपायाने केलं, त्या दिवशी तुमच्या भावाच्या बाजूने कोण उभं राहणार?" भावजयीने पदर तोंडाला लावला. मी मनातल्या मनात पाटल्यांचं वजन करायला लागले.

वकीलबाईंना समजावून सांगायची हौस होती आणि मला ऐकायची. त्यांनी सांगितलेली एक जुनी गोष्ट तुम्हालाही आवडेल, कारण ती सोन्याचीच आहे. १९४७ साली मेरठला पोलिसांनी अमृतसरच्या एका सराफाला संशयावरून पकडलं आणि त्याचं शंभरावर तोळे सोनं ठाण्याच्या मालखान्यात ठेवलं. तिथला हेड कॉन्स्टेबल ते सोनं घेऊन पाकिस्तानात पसार झाला! सराफाने सरकारवर दावा लावला. पोलिसांचा निष्काळजीपणा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, पण अटक आणि जप्ती ही राजसत्तेची कामं, त्यातल्या चुकीची भरपाई सरकारने देणं लागत नाही, असा निकाल १९६४ मध्ये दिला. कस्तुरीलाल खटला म्हणतात त्याला. ऐकून माझा हात आपोआप मनगटावर गेला.

हे चित्र पालटलं ते १९८३ नंतर. बिहारमध्ये रुदल शाह नावाच्या माणसाची निर्दोष सुटका होऊनही चौदा वर्षं तो तुरुंगातच राहिला होता. त्याला सर्वोच्च न्यायालयाने सरकारकडून पैसे देवविले. मग आला नीलाबती बेहेरा यांचा खटला. ओरिसातल्या या बाईंचा बाविशीतला मुलगा १ डिसेंबर १९८७ रोजी चोरीच्या तपासासाठी पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या रुळांवर मेलेला सापडला. पोलीस म्हणाले, पळाला आणि गाडीखाली आला. (बघा, पळतोच तो.) आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने पत्रच याचिका मानलं आणि जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करवली. पळून जाण्याची कथा टिकली नाही. १९९३ मध्ये सरकारला दीड लाख रुपये भरपाई द्यावी लागली. मूलभूत हक्क मोडला असेल तर राजसत्तेची सबब चालणार नाही, हे त्या निकालात स्वच्छ सांगितलं आहे.

म्हणजे पैसे सरकार देतं, तुमचे-आमचे. तिकडे अमेरिकेतही असंच आहे म्हणे. नागरिकाचा हक्क मोडणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येईल असा कायदा त्यांच्याकडे १८७१ पासून आहे, पण जोआना श्वार्ट्झ या प्राध्यापिकेने २०१४ मध्ये मोठमोठ्या शहरांचे हिशेब मांडले तेव्हा भरपाईच्या शंभर डॉलरमागे पोलिसाच्या खिशातून जेमतेम दोन सेंट गेलेले दिसले. जॉर्ज फ्लॉइडच्या घरच्यांना २०२१ साली दोन कोटी सत्तर लाख डॉलर मिळाले, तेही मिनियापोलिस शहराकडून. आपल्याकडे मात्र न्यायालय कधीकधी सरकारला सांगतं, आधी तुम्ही द्या, मग चौकशी करून दोषी माणसाकडून वसूल करा. भावजयीचा जीव त्या 'वसूल'मध्ये अडकला होता. दोन मुलांची फी, पोलीस लाइनीतलं घर, आईचं औषध. कुठून वसूल करणार?

पण मला दुसरंच काही खात होतं. एका रविवारी धाकटा जेवायला आला. सगळे उठल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात थांबवलं आणि सरळ विचारलं, "तू मारलंस का रे त्याला?"

"नाही, ताई."

"मग कुणी?"

तो गप्प. मी भांडी विसळत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मी पहाऱ्यावर होतो. आवाज येत होता. नोंद करू का विचारलं तर साहेब म्हणाले, सकाळी करू. मी पाणी नेऊन दिलं त्याला. हात सुजला होता."

"आणि कॅमेरा?"

"बंद होता."

मैत्रिणींनो, २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीतसुद्धा, कॅमेरे लावायला सांगितले आहेत. ते कधी बंद असतात हे ज्याला सोसावं लागतं त्याला बरोबर ठाऊक असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मारणारा भाऊ नव्हता म्हणून हायसं वाटलं, आणि वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला. पाणी देणारा हात चांगला, पण त्याच हाताने स्टेशन डायरीत दोन ओळी लिहिल्या असत्या तर?

वकीलबाईही तेच म्हणाल्या, जरा कडक शब्दांत. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली न्यायालयाने घालून दिलेले नियम त्यांनी धाकट्याला म्हणून दाखवायला लावले. अटकेचा कागद, त्यावर वेळ आणि तारीख, घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीची सही, नातेवाइकाला खबर, दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरची तपासणी. चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभं करायचं हे तर घटनेतच आहे. "हे सगळं आरोपीसाठी आहे असं तुम्हा लोकांना वाटतं," त्या म्हणाल्या, "उद्या कुणी खोटा आळ घेतला तर तुम्हाला वाचवणारा कागदही हाच." तुमच्या घरात पोलीस असेल तर त्याला हे सांगा. आणि देव न करो, पण तुमच्या मुलाला कुणी न्यायला आलं, तर तो अटकेचा कागद मागा आणि वेळ वाचूनच सही करा.

मग तो मसुदा आला. सगळ्यांच्या वतीने एकच उत्तर: अटक गुरुवारी, इजा पळताना. त्याला जोडायचं प्रतिज्ञापत्र धाकट्याने सही करून द्यायचं होतं. वकीलबाई म्हणाल्या, "सही केलीत तर साहेब खूश, पण शपथेवरचं खोटं तुमच्या नावावर. नाही केलीत तर खात्यात एकटे पडाल. मी दोन्ही सांगितलं, ठरवायचं तुम्ही." भावजय म्हणाली, सही करा. मी काही बोलले नाही. फी माझ्या पाटल्यांची असली तरी नोकरी त्याची होती. आठ दिवसांनी त्याने आपलं वेगळं प्रतिज्ञापत्र दिलं. मंगळवारची रात्र, आवाज, न केलेली नोंद, सगळं. आपल्याला विचारायचा धीर झाला तेवढाच झाला, पुढचा झाला नाही, हेही.

तारखेला मी त्याच्याबरोबर गेले. बाहेरच्या बाकावर शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. "तुम्ही पण पोरासाठी आलाय का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "भावासाठी." एवढंच म्हटलं. तिने पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्लाही. आत पुकारा झाला तेव्हा तिने मला धाकट्याशेजारी उभं राहिलेलं पाहिलं.

निकालात भरपाई सरकारने आठ आठवड्यांत द्यावी, आणि इजा कुणामुळे झाली याची खात्याने चौकशी करून त्याच्याकडून रक्कम वसूल करावी, असं आहे. धाकट्याची वर्षाची वेतनवाढ नोंद न केल्याबद्दल थांबली आणि बदली तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. लाइनीतल्या बायका भावजयीला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

चौकशी अजून चालू आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. भाऊबीजेला धाकटा येणार म्हणाला आहे, भावजयीचं अजून काही कळलं नाही.