गाडीचा गलका

माझ्यापाशी एक मोटार आहे, हे मी चारचौघांत जरा दबकतच सांगतो. मोटार म्हटली की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे उभे राहते, त्याचे आणि आमच्या गाडीचे नाते फार दूरचे आहे. ती २००४ सालची मारुती ८०० आहे. तीन सिलिंडरांचे, ७९६ सी.सी.चे चिमुकले इंजिन आणि वजन साडेसहाशे किलोच्या घरात. एखादी धष्टपुष्ट म्हैस तिच्याशी सहज बरोबरी करील. ही जात १९८३ च्या डिसेंबरात प्रथम रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिची निर्मिती थांबली. मधल्या तीस वर्षांत आमच्यासारख्या किती घरांनी आयुष्यातल्या पहिल्या मोटारीचा नारळ हिच्याच चाकाशी फोडला असेल! आमच्याकडे ती आली तेव्हाच वापरलेली होती. आता तिने विशी ओलांडली आहे आणि विशी ही माणसाची ऐन उमेद असली तरी मोटारीचे ते म्हातारपण असते.

म्हातारपणी माणसे जशी अकारण बोलू लागतात, तशी आमची गाडीही बोलू लागली. दारे कुरकुरत, काचा थरथरत, पायांखालचा पत्रा गुणगुणे आणि चढ लागला की इंजिन असा काही टाहो फोडी की आपण तिला ओढून नेतो आहोत, असे वाटून मलाच धाप लागे. रस्त्यावरचा खडा उडून खालून आपटला, की तो आपल्याच दाढेखाली आल्यासारखा वाटे. यात दोष तिचा नव्हे, वयाचा. शिवाय मी शिक्षक. वर्गातल्या पन्नास पोरांवर आवाज चढवायची सवय असल्यामुळे गाडीवर आवाज चढवायला मला काही वाटत नसे. सौभाग्यवती तर म्हणे, "या गाडीत एक बरं आहे, भांडलो तरी काय बोललो ते कुणालाच कळत नाही."

पण अण्णांना कानाचे यंत्र लागले आणि हा विनोद संपला.

अण्णा म्हणजे माझे वडील. तीस वर्षे त्यांनी मालट्रक चालवला. कोल्हापूरचा गूळ आंबा घाट उतरून खाली कोकणात आणायचा आणि मोसमात आंब्याच्या पेट्या तोच घाट चढवून वर न्यायच्या, हे त्यांचे आयुष्य. त्या काळच्या ट्रकचे इंजिन केबिनच्या आतच, ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याशी असे. त्यावरच्या पत्र्याच्या झाकणावर अण्णा थंडीत जेवणाचा डबा ठेवीत. तो आपोआप गरम होई. डबा गरम होत होता तेव्हा शेजारचे कान काय सोशीत होते, याचा विचार कुणी केला नाही. ८५ डेसिबलच्या आवाजात माणूस रोज आठ आठ तास, वर्षानुवर्षे बसला तर त्याचे कान शाबूत राहत नाहीत, हे मला आता ठाऊक आहे. कानाच्या आत केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

दर तीन महिन्यांनी मी अण्णांना घेऊन देवरूखहून कोल्हापूरला डॉक्टरांकडे जातो. साखरप्याला मोठ्या रस्त्याला लागायचे, घाट चढायचा आणि मलकापूरवरून पुढे. चांगले तीन तास आम्ही दोघे शेजारी शेजारी असतो. यंत्र बसवल्यावर मी हरखलो होतो. म्हटले, आता वाटेत गप्पा होतील. पण गाडी सुरू झाली की अण्णा शांतपणे यंत्र काढीत आणि सदऱ्याच्या खिशात टाकीत. एकदा मी चिडून म्हणालो,

"अण्णा, एवढे पैसे काय खिशात ठेवायला मोजले?"

ते त्यांना ऐकू गेले नाही. घरी आल्यावर पुन्हा विचारले, तेव्हा म्हणाले, "अरे, ते यंत्र तुझ्यापेक्षा गाडीचंच जास्त ऐकवतं."

ही तक्रार अगदी शास्त्रशुद्ध होती. वय आणि गोंगाट मिळून कानाचा जो भाग आधी नेतात, तो बारीक, उंच आवाजांचा. आपल्या बोलण्यातले स्वर जाड आणि दणकट असतात. पण क, त, स, श ही व्यंजने म्हणजे नुसती फुंकर. अर्थ मात्र सारा त्यांच्यावर अवलंबून. आणि गाडीची घरघर असते खालच्या पट्टीतली. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. म्हणजे व्यंजने आधी कानाने खाल्ली आणि उरलीसुरली गाडीने. साखरप्याला मी ओरडून विचारी, "अण्णा, चहा घेऊ या?" आणि अण्णा म्हणत, "दहा कशाला? दोन पुरेत." दोन काय, हे मी कधी विचारले नाही.

खरे तर अण्णांचे न बोलणे मला नवे नव्हते. आमच्या लहानपणी ते चार-चार दिवसांनी घरी येत. आम्ही भावंडे त्यांच्याभोवती कोंडाळे करून शाळेतल्या हकिकती सांगू लागलो की ते आमच्याकडे बघत आणि मग नजर भिंतीकडे वळवीत. माणूस तिरसट आहे, असे आम्ही ठरवून टाकले होते. आई होती तोवर ती आमच्यात दुभाषाचे काम करी. ती गेल्यावर तेही थांबले. आता ते पंच्याहत्तरीला आले आहेत आणि मला त्यांच्याशी बोलायचे होते. त्यासाठी आधी गाडीला गप्प करणे भाग होते.

शहरातल्या एका दुकानात चौकशी केली. गाडी आतून मढवून देण्याचे पंधरा ते वीस हजार सांगितले. एवढ्या पैशांत गाडीच विकत देतील की काय, असे वाटून मी परतलो आणि स्वतःच कामाला लागलो. हौशी माणूस प्रथम जे करतो तेच मी केले, म्हणजे चूक. घराच्या गच्चीला गळतीसाठी लावतात ते डांबराचे पत्रे स्वस्त मिळाले. ते मी गाडीच्या छताला आतून चिकटवले. एप्रिलमध्ये झकास राहिले. मे महिन्यात डांबर पाझरू लागले, गाडीत रस्तादुरुस्तीचा वास भरला आणि एके दुपारी एक पत्रा अलगद सुटून सौभाग्यवतींच्या डोक्यावर विसावला. पुढचे दोन दिवस घरात शांतता होती. पण मला हवी होती ती ही नव्हे. तेवढ्याने शहाणा न होता मी पायांखाली साधा स्पंज घातला. तो आमच्या कोकणच्या पावसात इतके पाणी प्याला की गाडीतून उतरल्यावर पायांचे ठसे उमटत.

शेवटी बाजारात गाड्यांची कुशने शिवणारा माझा एक जुना विद्यार्थी भेटला. वर्गात असताना याला मी काही फार शिकवले असेन, असे वाटत नाही. त्याने मला एका दुपारात पुष्कळ शिकवले. त्याने टपरीवरचे स्टीलचे ताट उचलले आणि त्यावर टिचकी मारली. ताट घणघणले. मग त्यावर नुसते बोट ठेवले. आवाज जागीच मेला.

"सर, पत्रा सगळा झाकायचा नसतो. त्याच्यावर असं बोट ठेवायचं असतं," तो म्हणाला.

गाडीचा प्रत्येक सपाट पत्रा हे असेच एक ताट आहे. त्याच्या मध्यभागी चौथा हिस्सा भाग भरेल एवढी जड, चिकट पट्टी घट्ट बसवली तरी त्याची थरथर मोडते. पत्र्याची हालचाल त्या चिकट थरात जिरते आणि तिची नाममात्र ऊब होते. त्यासाठी डांबर नको, ब्युटाइल रबराची, वरून ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असलेली पट्टी हवी. छपराच्या भेगा बुजवायला हार्डवेअरच्या दुकानात ती मिळते. ती उन्हाने पाझरत नाही. तिच्यावर घालायचा तो स्पंज नव्हे, तर पाणी न पिणारा काळा नायट्राइल रबर, एअरकंडिशनरच्या नळ्यांना गुंडाळतात तो.

पण त्याआधी त्याने मला दोन कामे सांगितली. पहिले, दारांचे रबर. दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावायचे आणि ती ओढायची. सहज निघून आली तर रबर मेले, असे समजायचे. आमच्या चारही दारांतून नोट अशी निघाली, जशी महिनाअखेरीस माझ्या पाकिटातून निघते. दुसरे, भोके. इंजिन आणि आपले पाय यांच्यामधल्या पत्र्यातून तारा आणि केबली आत येतात. तिथल्या रबराच्या चकत्या फाटल्या असतील तर आधी त्या बदलायच्या. भिंत कितीही जाड बांधली आणि खिडकी उघडी ठेवली तर शेजाऱ्यांचे भांडण ऐकू येणारच.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत, घरात चकल्यांचा घाणा चालू असताना, मी अंगणात गाडी उघडून बसलो. सीटा काढल्या, गालिचा उचलला. खाली मुलीच्या दोन पिना, चिंचोके, एक चार आण्याचे नाणे आणि माझ्या स्पंजाच्या कृपेने ओंजळभर गंज निघाला. तो पॉलिशपेपरने घासला, रेड ऑक्साइड फासले, वाळू दिले. स्पिरिटने पत्रा पुसला. पट्टी पक्की बसावी म्हणून ती केस वाळवायच्या यंत्राने ऊन केली आणि लाटण्याने दाबून लाटली. हे लाटणे कुठून आले, यावर स्वयंपाकघरात बरीच चर्चा झाली. अखेर नवे लाटणे आणण्याच्या करारावर तह झाला.

काम नीट झाले की नाही, हे ओळखायला मला कुणी शिकवावे लागले नाही. आम्ही कोकणातली माणसे. फणस पिकला की नाही ते बोटांनी वाजवूनच बघतो. आधी पत्रा 'टण' म्हणे, पट्टी बसल्यावर 'थप' म्हणू लागला. पिकला, असे म्हणून मी पुढच्या पत्र्याकडे वळे. दारांच्या तळाशी पाणी निथळायला बारीक भोके असतात, ती तेवढी मोकळी ठेवली. नाहीतर दार आतून कुजते. सायलेन्सरजवळ आणि बॉनेटखाली काहीच लावले नाही, कारण तिथली उष्णता भलत्या वस्तूला पेटवायला पुरेशी असते. सारा खर्च तीन हजार आठशे रुपये, लाटणे धरून.

फोनवर आवाज मोजला. ताशी साठच्या वेगाला आधी ७९ डेसिबल भरत, आता ७४. पाच ही संख्या पाहून मी खट्टू झालो. पण डेसिबलचा हिशेब चढत्या पटीचा असतो. पाचाने उतरला म्हणजे आवाजाची शक्ती तिपटीहून अधिक घटली.

भाऊबीज झाल्यावर आम्ही कोल्हापूरला निघालो. साखरप्याला मी खुणेने सांगितले, तेव्हा अण्णांनी खिशातले यंत्र कानात घातले. काही वेळ गेला. मग घाबरून म्हणाले,

"गाडी बंद पडली काय रे?"

"नाही, अण्णा. चालू आहे."

ते पहिल्यांदाच ऐकू गेले. घाट लागला. अण्णा जरा अस्वस्थ दिसत होते. त्यांनी दाराच्या खालच्या कडेवर तळवा ठेवला, चपला काढून पाय फळीला टेकवले आणि डोळे मिटले. दोन वळणे गेली.

"उजव्या वळणाला घुमतंय, डाव्या वळणाला थांबतंय. उजवीकडे वळलं की भार डावीकडे येतो. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. सावकाश घे."

मी कान दिला. खरेच, एक बारीक घुमारा होता. इतके दिवस तो बाकीच्या गलक्याखाली दडून बसला होता. कोल्हापुरात मिस्त्रींनी चाक उचलून हाताने फिरवले, तर आतून खर्रखर्र वाजले. "बरं झालं लवकर आलात," एवढेच ते म्हणाले. घाटाची ती वळणे आठवून माझ्या पोटात गोळा आला.

परत येताना मी अण्णांना म्हणालो, "तुम्हांला कमी ऐकू येतं, आणि हे बरं कळलं!"

"कमी ऐकू आल्यावरच हातापायांनी ऐकायला शिकलो," ते म्हणाले. मग बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. "तुम्ही पोरं लहान होतात ना, तेव्हाच कान गेले होते. घरी यायचो तरी कानांत गाडी चालूच असायची. रात्रभर. तुम्ही सांगायचात, मला नुसते ओठ हलताना दिसायचे. एकदा 'काय?' विचारीन, दोनदा विचारीन. तिसऱ्यांदा लाज वाटायची. आणि बाहेर बातमी गेली असती तर मालकानं गाडी काढून घेतली असती. तुझ्या आईला तेवढं ठाऊक होतं."

मला काही बोलायला सुचले नाही. चाळीस वर्षे ज्या गोष्टीला मी स्वभाव समजत होतो, ती दुखापत होती. आणि ती लपवल्यामुळेच आमच्या वह्या-पुस्तकांचे पैसे घरी येत राहिले होते. थोड्या वेळाने अण्णांनीच विचारले, "तू काय सांगायचास रे तेव्हा, हात उडवून उडवून?" मी आठवून आठवून सांगू लागलो. चौथीतल्या स्नेहसंमेलनात मी झालेला वासुदेव सांगून होईपर्यंत घाट उतरून आम्ही साखरप्याला आलो होतो. तिथे मी विचारले, "चहा घेऊ या?" अण्णा म्हणाले, "घेऊ या."

दिवाळीनंतर शाळा उघडली. मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलाला "लक्ष कुठे आहे?" असे मी आता एकदम विचारीत नाही. आधी त्याला पुढच्या बाकावर आणून बसवतो.

गाडीचे छत मात्र अजून तसेच आहे, उघड्या पत्र्याचे. डांबराच्या प्रकारानंतर त्याला मी हात लावला नव्हता. यंदा पावसाळ्यात पट्टीची दोन वेटोळी आणली आणि अण्णांना म्हणालो, "एवढं छप्पर झालं की काम पुरं."

बाहेर सरी कोसळत होत्या. अण्णा अंगणातल्या गाडीत जाऊन बसले होते, यंत्र कानात घालून.

"छप्पर राहू दे," ते म्हणाले. "पाऊस ऐकू येतो."