पुसलेली कॅसेट

न्यूयॉर्कच्या रेडिओवरचा ‘मिस्टर मॅजिक’, म्हणजे जॉन रिव्हास, २००९ च्या ऑक्टोबरांत वारला, ही वार्ता वाचतांच आम्हांस प्रथम आठवली ती आमच्या हातून पुसली गेलेली एक कॅसेट.

१९८६ सालीं आम्ही शिक्षणानिमित्त त्या शहराच्या क्वीन्स भागांत बिऱ्हाड करून होतों. शनिवारीं रात्रीं खालच्या मजल्यावरील मुलाच्या रेडिओचा ठेका आमच्या पलंगापर्यंत येई. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून वाढलेल्या माणसास संगीत म्हणजे काय हें दुसऱ्यानें शिकवावें लागत नाहीं, असा आमचा त्या वयांत पक्का समज होता. ज्यांत गाणारा गातच नाहीं, नुसत्या यमकांच्या फैरी झाडतो, त्यास गाणें म्हणावें तरी कसें?

त्या मुलास आमच्या मताशीं कर्तव्य नव्हतें. कॅसेट-यंत्राच्या बटणावर बोट ठेवून तो बसे. जाहिरात लागली कीं थांबवी, रॅप लागलें कीं पुन्हां सुरू करी. आठवडाभर पुरवावयाची ती शिदोरी होती, कारण दिवसां मोठ्या केंद्रांवर रॅपला फारसा थारा नसे. मॅजिकनें आरंभीं डब्ल्यूएचबीआय या, वेळ भाड्यानें देणाऱ्या केंद्रावर पदरचे पैसे मोजून कार्यक्रम केला. पुढें १९८२ च्या सुमारास डब्ल्यूबीएलएस या बड्या केंद्रानें त्यास बोलावलें आणि केवळ रॅपला वाहिलेला ‘रॅप अटॅक’ सुरू झाला. मार्ली मार्ल तबकड्या फिरवी, मॅजिक बोले. बोलण्यांत आर्जव नसेच. हें ऐका, हें टाकून द्या, असा रोकडा निवाडा.

एके दिवशीं त्या मुलानें एक कॅसेट आणून दिली. “रात्रीं तुमची झोप मोडते ना? मग दिवसां ऐका.” आम्हीं आभार मानले, आणि आठवड्याच्या आंत तिच्यावर एका मित्राजवळचीं नाट्यपदें उतरवून घेतलीं. कोरी कॅसेट घेण्यापुरते पैसे खिशांत होते, हेंही कबूल केलें पाहिजे. “आवडलें का?” असें त्यानें विचारलें, तेव्हां आम्हीं मान डोलावली.

ब्रुकलिनमध्यें वाढलेल्या नोटोरियस बी. आय. जी. यानें १९९४ च्या ‘जूसी’मध्यें बालपण आठवतांना याच कार्यक्रमाचें नांव घेतलें आहे. त्या रात्रींपैकीं आज जें ऐकावयास मिळतें, त्यांतलें पुष्कळसें अशाच मुलांनीं घरीं भरलेल्या कॅसेटींवरून आलेलें आहे. मॅजिकचेही निवाडे चुकत. ‘पब्लिक एनिमी’ या मंडळींस त्यानें रेडिओवरून झिडकारलें, आणि त्यांनीं त्याचे ते शब्दच आपल्या १९८८ च्या ध्वनिमुद्रिकेंत घातले. हें कळल्यावर आम्हांस क्षणभर हायसें वाटलें. पण त्यानें निदान ऐकून नाकारलें होतें.

ती कॅसेट अद्याप आमच्याजवळ आहे. नाट्यपदें संपल्यावर शेवटीं तीन-चार सेकंद पूर्वीचें कांहीं राहून गेलें आहे: ठेका, आणि एका पुरुषाचें अर्धें वाक्य. तें काय आहे, हें पुष्कळदां ऐकूनही आम्हांस लागलेलें नाहीं.